भासऱ्यांच्या ओट्यापुढे

३ नोव्हेंबर, सोमवार

आधी सगळ्यांच्या तब्येती. कागदावर उतरवल्या की जीव निवांत होतो.

यांची — बरी. पहाटे खोकला येतो तेवढाच. तो खोकला लग्नातही सोबत आला होता. पोराची, भूषणची — कंबर धरते. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं, वर मोटरसायकलचे दणके. तेल लावून घे म्हटलं तर मोबाईल पाहतच हो म्हणतो. सूनबाई मोनिका — ठणठणीत. जेवत मात्र धड नाही. अंगणवाडीतल्या लेकरांना खिचडी वाढून येते आणि म्हणते, वासानंच पोट भरलं. भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ यादोराव — ऐंशी पार झाले, पण काठी टेकत ओट्यावर हजर. त्यांच्या घरच्या ललिता जाऊबाई — साखर वाढली आहे, चोरून पेढा खातात, मला ठाऊक आहे. सायकल — मागचा टायर गुळगुळीत, घंटी ठीक, ब्रेक म्हणजे यांची चप्पल.

राहिले मी. माझा डावा गुडघा!

दवाखान्यात व्यायाम करून घेणारी नवी बाई आली आहे. बाई कसली, पोरगीच. तिनं गुडघा वाकवून पाहिला आणि मी अशी ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. म्हणाली, आजी, एक दिवसाआड यायचं. नाही आलात तर पाय असाच आखडून बसेल, मग न्हाणीपर्यंत जायलाही माणूस लागेल. आणि चालत अजिबात यायचं नाही. बसून या, कशावरही बसून या.

कशावरही म्हणजे आमची सायकलच. ऑटो कोष्टीपुऱ्याच्या गल्लीत शिरत नाही. नळाच्या पाइपासाठी गल्ली उकरली ती उन्हाळ्यापासून तशीच पडली आहे. भासऱ्यांच्या ओट्यासमोरचा तुकडा तेवढा दाबून सपाट केलेला. हे हसतात — दादाचा रुबाब, ठेकेदाराच्या मागं लागून आपल्यापुरतं करून घेतलं.

घराच्या पायरीवरून मी अजून कॅरिअरवर बसू शकते. चालवणारा तयार आहे. पण मध्ये ओटा आहे!

४ नोव्हेंबर, मंगळवार

ओट्याचं लिहून टाकते. नाहीतर उद्या मीच वाचीन आणि म्हणीन, ही बाई ओट्याला काहून भिते.

आमच्यात भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं खाटेवर बसायचं नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि बोलायचं नाही. त्यांनीही बोलायचं नाही. काही सांगायचंच असलं तर ते खांबाला सांगतात. दारात येऊन खाकरायचं आणि खांबाकडे पाहून म्हणायचं — ताक झालं आहे बाप्पा, कोणी गंज घेऊन यावं. मग मी पातेलं घेऊन जायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं एक वाक्य सरळ झालेलं नाही. भांडण म्हणाल तर तेही नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा रोज दारात येऊन खांबाची तब्येत विचारत होते.

तर खाटेवर बसायचं नाही, मग सायकलवर कसं बसायचं?

ही सायकल माझ्या बापानं आंदणात दिलेली. शहापूरहून वरातीसोबत आली, दांड्याला झेंडूची माळ बांधून. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघालो. हे पुढं, मी मागं कॅरिअरवर, पायात नवी जोडवी. दोन घरं गेली नाहीत तर ओटा आला. ओट्यावर भासरे. माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, चालत्या सायकलवरून टुणकन उतरले. पदर ओढला, ओट्यापुढून पायी गेले. पुढं कडूनिंबाखाली हे थांबले होते, तिथं परत बसले.

कोणी उतर म्हणालं नव्हतं. कोणी उतरू नको असंही म्हणालं नाही. मग तीच रीत पडली. जाताना उतरायचं, येताना उतरायचं. पोटात भूषण होता तेव्हाही उतरले. मागावर विणलेल्या साड्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन भंडाऱ्याला जायचो तेव्हा गठ्ठ्यासकट उतरले. सायकल माझ्या बापाची आणि उतरायचं मीच!

आता गुडघा म्हणतो, उतर एक वेळ, पण निंबाखाली परत चढवणार नाही. परवा यांनी सायकल आडवी वाकवली. दगड ठेवून पाहिला. नळावरच्या बाईनं मागून उचलून पाहिलं. पाय वर जातच नाही. बायका हसल्या, मीही हसले. घरी येऊन मग हसू आलं नाही.

ठरवलं — दवाखाना नाही, सायकल नाही. घरात बसायचं. यांना सांगितलं. संध्याकाळी सायकल पुसत बसले होते. कॅरिअरच जास्त पुसत होते.

६ नोव्हेंबर

आज जायचा दिवस होता. गेले नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज फार हसले. पोट दुखलं.

भूषण मोनिकाला घेऊन मोटरसायकलनं लग्नाला गेला होता. पेट्रोल पंपावर ती उतरली. यानं पेट्रोल भरलं, किक मारली आणि निघाला. बायको पंपावर! रस्ताभर तिच्याशी बोलत होता म्हणे. आहेर किती द्यायचा, तुझी मावशी फार बोलते, वगैरे. मागून उत्तर येईना, तर याला वाटलं मावशीवरून रागावली. मग पुलाजवळ वळून पाहतो तर मागं कोणीच नाही.

मोनिका घरी आली ती तणतणत. मी विचारलं तर म्हणे, आई, मी पंपावरच्या पोराले म्हटलं, भाऊ, माझा नवरा पाहिला काय कुठं?

मी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहू लागले. मग मीच सांगितलं सगळ्यांना. तेव्हा नवीन लग्न होतं. ओट्यापाशी मी उतरले, चालत निंबाखाली आले, तर हे नाहीत! थांबायचं विसरले. तसेच सायकल मारत भंडाऱ्याच्या रस्त्याला. मी निंबाखाली उभी, हातात पानाचा डबा. बऱ्याच वेळानं परत आले ते घामाघूम. म्हणतात, तुला सांगून राहिलो होतो, यंदा दिवाळीले बांगड्या घेऊ, तर तू हो-नाही काहीच बोलेना!

भूषण म्हणाला, बाबा, म्हणजे हे आपल्या घरात रक्तातच आहे.

लोक म्हणतात काळ बदलला. सायकलीची मोटरसायकल झाली. पण बायको मागं आहे की नाही हे वळून पाहायची सवय अजून कोणाला लागलेली नाही.

बांगड्या मात्र त्या दिवाळीला घेतल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

यांनी रस्ता शोधून काढला! मोहल्ल्याच्या मागून तलावाची पाळ आहे, मातीचा बांध. पाळीवरून गेलं की डांबरी सडकेला लागतो. ओटा नाही, भासरे नाहीत. लांब पडतं, पण पडू दे. मी म्हटलं, पाळीवर बाभळी आहेत. हे म्हणाले, बाभळी बाजूला आहेत, आपण मधून जाऊ.

मधून गेलो. निम्म्या पाळीपर्यंत राजाराणीसारखे गेलो. तलावात शिंगाड्याचे वेल, त्यात बगळे, ऊन कोवळं. हे गुणगुणायला लागले. कितीतरी दिवसांनी. मी यांच्या पाठीला हात टेकून बसलेली. खरं सांगते, गुडघ्याचं विसरून गेले.

मग फुस्स्.

काटा मागच्या चाकात. हे उतरू लागले, सायकल एका बाजूला कलली, आणि आम्ही दोघं पाळीच्या उतारावर बेशरमच्या झुडपात! लागलं नाही कोणाला. झुडपानं झेललं. शिंगाडे काढणारा माणूस पाण्यातून ओरडून विचारत होता, काका, आंघोळ करून राहिले काय? हे म्हणाले, नाही रे, तुया काकीले तलाव दाखवून राहिलो.

पंक्चरच्या दुकानात गेलो तर तेच घमेलं, तेच मळकट पाणी, तीच ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायची रीत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा या दुकानदाराचा बाप बसायचा. तोही असंच ट्यूब गालाजवळ नेऊन हवा पाहायचा.

व्यायामाची पोरगी घरी गेलेली. दवाखाना बंद. पाळीचा रस्ता बंद!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज नागपूरचे सायकलवाले आले. पवनीला चालले होते. डोक्यावर टोप, अंगाला चिकटलेले कपडे, सायकली अशा बारीक की दोन बोटांनी उचलाव्यात. एकाची हवा गेली म्हणून आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. हे आनंदानं पंप घेऊन धावले. पंपाचं तोंड त्यांच्या नळीला बसेना. त्यांनी त्यांचा काढला तो यांना समजेना. दोघं-तिघं बसून शेवटी कसंतरी जमलं, त्यात अर्धी सकाळ गेली.

त्यात एक बाई होती, मनाली नावाची. पन्नाशीची असेल. माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली, पाणी मागितलं. मोठ्या कंपनीत आहे म्हणे. मी तिच्या कपड्यांकडे पाहिलं असेल, कारण ती आपणच हसली आणि बोलायला लागली. म्हणाली, काकू, तुम्हाला सांगते. आमच्या कॉलनीच्या वळणावर एक भाजीचं दुकान आहे. तिथं थांबते, पिशवीतली सलवार काढून यावर चढवते, ओढणी घेते आणि मग घरापर्यंत सायकल हातात धरून जाते. सासूबाई गॅलरीत असतात.

मी विचारलं, त्या रागावतात?

ती म्हणाली, माहीत नाही. त्यांनी कधी पाहिलंच नाही न मला.

ती गेली. एवढी हलकी सायकल, एवढे पैसे, एवढं शिक्षण. मी तर अक्षरं भूषणच्या पाटीवर शिकले, तो अ गिरवायचा तेव्हा मीही गिरवायची. पण उतरतो आम्ही दोघीही. तिचा निंब म्हणजे ते भाजीचं दुकान.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज डोक्यात तेच होतं म्हणून दारातून पाहात राहिले. मोनिका अंगणवाडीला निघाली. तिची लेडीज सायकल, पुढं जाळीची टोपली, टोपलीत लेकरांची रंगीत चित्रं. ओट्याच्या अलीकडे उतरली! सायकल हातात धरली, पदर नाही तर ओढणी डोक्यावर घेतली, ओटा पार केला, निंबाखाली परत बसली.

रोज असंच करते म्हणे. मी घरात असते, मला काय दिसणार?

संध्याकाळी विचारलं. तुला कोणी सांगितलं उतरायला? मोठे मामाजी काही म्हणाले?

नाही म्हणाली. ललिता आईंनी? नाही. भूषणनं? त्याले काय पडली आहे, म्हणाली.

मग काहून उतरते?

ती भांडी घासत होती. हात थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही उतरता न. तुम्ही उतरल्यावर मी बसून गेली तर लोक काय म्हणतील? सासूले नाही जमलं ते सुनेनं करून दाखवलं. मले तसं नाही करायचं."

मी म्हटलं, तू बसून जा, माझी हरकत नाही. तर म्हणते, पहिले तुम्ही.

हे बाजूला बसून ऐकत होते. बिडी विझली तरी ओढत होते.

मला वाटत होतं मी एकटीच उतरते. माझ्यामागून हीसुद्धा उतरून राहिली आहे. उद्या हिला सून आली की तीही उतरेल. तोवर सायकली उडायला लागल्या तरी ओट्यापाशी खाली येतील.

१९ नोव्हेंबर, बुधवार

युक्ती केली. मोनिकाची युक्ती. भासरे ऊन वर आलं की न्हायला आत जातात. तेवढ्यात ओट्यासमोरून बसूनच निघून जायचं. उतरायचं नाही, आणि रीतही मोडायची नाही. समोर भासरे असतील तर रीत न!

मोनिका पुढं जाऊन पाहून आली. ओढणीनं खूण केली — रिकामा. मी पायरीवरून कॅरिअरवर बसले. यांनी पायडल मारलं. मी म्हणत होते, जोरात, जोरात. हे म्हणत होते, यापेक्षा जोरात जायचं तर विमानच लागते.

ओट्यासमोर आलो आणि दार उघडलं. भासरे टॉवेल खांद्यावर टाकून उभे! साबण आणायला बाहेर आले होते म्हणे.

मी काही विचार केला नाही. विचार केला असता तर बसून राहिले असते. पाय आपोआप खाली गेला. सायकल चालत होती, डावा पाय दुमडला आणि मी भासऱ्यांच्या दारात पालथी! पदर मात्र डोक्यावरच.

भासरे धावले. जवळ आले आणि थांबले — हात कसा लावणार? काठी पुढं केली. मी काठी कशी धरणार? ते काठी धरून उभे, मी खाली पडलेली, आणि हे अजून पुढं चालले होते. त्यांना कळलंच नव्हतं! मोनिका निंबाखालून ओरडली तेव्हा थांबले.

२० नोव्हेंबर

गुडघा कलिंगडासारखा. जास्त लिहिवत नाही.

२१ नोव्हेंबर

हे रात्री पाय शेकून देतात. आज म्हणाले, सायकल विकून टाकतो. मी म्हटलं, सायकल माझी आहे, तुम्ही कोण विकणारे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज ललिता जाऊबाई पाहायला आल्या. डब्यात तिळाचे लाडू. माझ्यासाठी म्हणून आणले आणि दोन स्वतःच खाल्ले. गुडघा पाहिला, चुकचुकल्या. मग एकदम म्हणाल्या, कौशल्या, तुले एवढी भीती वाटते तर काहून बसते सायकलवर?

मला समजेना. कसली भीती?

त्या म्हणाल्या, उताराची. आमच्या घरासमोरच्या उताराची.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहात राहिले. मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या ओट्यासमोर गल्लीला उतार होता. सरळ नालीत जाणारा. मी पहिल्याच दिवशी तिथं उतरले. भासऱ्यांना वाटलं, शहापूरची पोरगी आहे, सपाट सडकेची, उताराला भ्याली. त्यांनी पावसाळा संपल्यावर दोन बैलबंड्या मुरूम आणून उतार भरला. मी तरी उतरले. त्यांना वाटलं, अजून उंच आहे. पुढच्या वर्षी परत मुरूम. दर वर्षी पाऊस मुरूम वाहून नेतो, दर वर्षी भासरे घमेल्यानं टाकतात. हात थकले तशी माणूस लावून टाकतात. यंदा ठेकेदारानं गल्ली उकरली तर त्याच्या मागं हात धुऊन लागले. म्हणाले, आमच्या घरची सून सायकलवरून जाते, ती पडली तर तू येशील काय उचलायला?

आणि ओट्यावर बसतात ते? मी विचारलं.

जाऊबाई म्हणाल्या, "तुमची सायकल निघायची वेळ झाली की चहा अर्धा टाकून बाहेर येतात. म्हणतात, गोपाळचं सायकल चालवताना ध्यान नसते. घसरली तर धराले कोणी पाहिजे."

मी म्हटलं, जाऊबाई, मी उताराले भिऊन नाही, त्यांलेच मान देऊन उतरते. भासऱ्यासमोर कसं बसायचं?

त्या लाडू हातात धरून हसायलाच लागल्या. म्हणाल्या, बाई ग, सायकल काय खाट आहे? बंडीत बसून नाही गेलो काय आपण साऱ्या, भासरे-सासरे सगळ्यांपुढून? बंडीतून कोणी उतरलं?

खरंच! बंडीतून कोणी उतरत नव्हतं. मीसुद्धा नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

झोप आली नाही. यांना विचारलं, तुम्ही कधी दादांना विचारलं नाही, ही काहून उतरते म्हणून?

हे म्हणाले, विचारायचं राहते काय असं? मी समजलो दादाचा हुकूम असेल. आईमार्फत तुला सांगितला असेल.

म्हणजे हे समजले दादांचा हुकूम. दादा समजले माझी भीती. मी समजले रीत. आणि मोनिका समजली, सासू करते म्हणजे खरंच असेल. एवढ्या वर्षांत एकानंही तोंड उघडलं नाही, कारण उघडायचं नसतं!

मला राग यायला हवा होता. नाही आला. ते मुरूमाचं मनातून जाईना. मी पदर ओढून मान खाली घालून ज्या रस्त्यावरून चालत गेले तो रस्ता माझ्यासाठीच केलेला होता. मान खाली होती तरी दिसला नाही.

कागदावर लिहायला हरकत नाही म्हणून लिहिते — गोपाळराव, तुमचा भाऊ लाखात एक आहे. (तोंडानं नाव नाही घेणार. तेवढं राहू दे.)

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सूज उतरली. दवाखान्यात जायचंच ठरवलं.

जाऊबाईंनी भासऱ्यांना सगळं सांगितलं असणार, कारण ओट्यावर दोघंही बसलेले. सकाळीच. गल्लीतल्या दोन-तीन बायका नळावर उगाचच रेंगाळत होत्या. मोनिका तिच्या सायकलवर, माझ्यामागं. हे पुढं. यांच्या मानेला घाम. थंडीत!

मी पायरीवरून बसले. सायकल निघाली. मी मनाशी म्हणत होते, बंडी आहे, बंडी आहे, बंडीतच बसली आहेस. दोन घरं गेली. ओटा आला. पदर डोक्यावर होताच. आणि काय सांगू, पाय परत खाली निघाला! माझं ऐकेना. यांना कळलं, त्यांनी मागं हात करून माझी मांडी दाबून धरली. एका हातानं सायकल, ती डुलायला लागली.

तेव्हा ओट्यावर काठी आपटली. भासरे उठून उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. सायकलीच्या पुढच्या चाकाकडे पाहून बोलले. खणखणीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं —

"सायकले, थांबू नको. चालत राय. इथं कोणी उतरून नाही राहिलं."

यांनी पायडल मारलं. ओटा मागं गेला. निंब आला, निंबही मागं गेला. यांनी सवयीनं ब्रेक लावला होता, चप्पल घासली, मी म्हटलं, आता कायले थांबता!

मागून घंटी वाजत आली. मोनिका बसलेली! ओढणी खांद्यावर. नळावरच्या एका बाईनं टोमणा टाकला, सासू-सुनेची वरात निघाली काय म्हणून. मोनिका म्हणाली, हो मावशी, तुम्ही पण या, कॅरिअर रिकामं आहे.

दवाखान्यातल्या पोरीनं पाय वाकवून घेतला. मी परत ओरडले. पण ती म्हणाली, वाकतोय आजी, वाकतोय.

येतानाही नाही उतरले. ओट्यावर कोणी नव्हतं. तरी लक्षात राहिलं की नाही उतरले.

३ डिसेंबर

गेले. बसून. काही विशेष नाही — हेच विशेष!

७ डिसेंबर, रविवार

दुपारी दारात खाली चटईवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. भासऱ्यांना तलाव पाहायचा होता, पुष्कळ दिवसांत पाहिला नाही म्हणाले, म्हणून यांनी त्यांना कॅरिअरवर बसवून आणलं. आमच्या दाराच्या अलीकडे भासऱ्यांनी यांच्या पाठीवर थाप मारली, सायकल थांबवली आणि काठी टेकून खाली उतरले. हळूहळू माझ्या दारापुढून पायी निघाले. मी शेंगा टाकून उठू लागले तर हात वर केला. भिंतीकडे नाही, खांबाकडे नाही, सायकलीकडे नाही — माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसून राय, कौशल्या."